आवळ्याच्या रेषा आणि गोलाचे गणित

कोल्हापुरावर शिलाहारांची सत्ता होती, त्या काळात, १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म सह्याद्रीच्या परिसरात झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला.

त्यांच्या आधीच्या लल्लाचार्यांना ज्योतिषात मोठा मान होता. लल्लांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीकाही लिहिली. पण गोलाचे पृष्ठफळ काढताना लल्लांनी वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणले होते, आणि ते साफ चूक होते. आदरणीय आचार्यांना चूक ठरवायचे तर नुसते बोलून भागणार नव्हते.

भास्कराचार्यांनी गोल मनातच कापला. आडवे, समांतर काप घेतले की प्रत्येक छेद वर्तुळच. मधले सर्वांत मोठे, टोकांकडे लहान होत जाणारे. लागोपाठच्या दोन छेदांमध्ये गोलाच्या पृष्ठाची एक अरुंद पट्टी उरते. अशा सगळ्या पट्ट्यांची त्यांनी बेरीज केली. मग दुसरी रीत, उभ्या कापांची. आवळ्यावर टोकापासून टोकापर्यंत रेषा असतात, तशा रेषांनी त्यांनी गोलाच्या ९६ फाका केल्या. (आवळ्यावर सहाच असतात, पण हातात धरून पाहावा, याहून सोपी आकृती नाही.) दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले: परीघ गुणिले व्यास.

पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ, हेही त्यांनी सिद्ध केले.

त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाची नोंद १२०७च्या शिलालेखात आहे.