पाण्याने पेटणारी आग : सर हंफ्री डेव्ही

पवनेच्या एका तीरावर रहाटणी, काळेवाडी, थेरगाव ही एकेकाळची शेतकऱ्यांची गावे आणि पलीकडे पिंपरी, चिंचवड, भोसरीपासून तळवडे-चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. धातूंना मुलामा देणारे, ओतकाम करणारे, सुटे भाग आम्लात धुऊन काढणारे असंख्य लहानमोठे उद्योग येथे आहेत. त्यांच्यासाठी गंधकाम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल, दाहक सोडा यांचे टँकर आणि पिंपे वस्तीतल्या रस्त्यांवरून जात असतात. आगीवर पाणी हा माणसाचा उपजत विचार. पण रहाटणीच्या अग्निशमन केंद्रातून बंब घेऊन निघणाऱ्या जवानाला कधी कधी हा विचार दूर सारावा लागतो. तीव्र गंधकाम्लाच्या थारोळ्यावर जवळून थोडे पाणी मारले, तर आम्ल उकळून अंगावर उडते. मॅग्नेशियमच्या पेटलेल्या भुशावर पाणी पडले, तर आग दुप्पट भडकते. सोडियमला तर पेटण्यासाठी पाणीच पुरते. अशा वेळी वारा पाठीशी घेऊन उभे राहायचे, कोरड्या वाळूचा बांध घालायचा आणि मग सांडलेल्या आम्लावर चुना किंवा धुण्याचा सोडा बेताबेताने टाकायचा. टँकरच्या पाठीवरील फलकात आपत्कालीन संकेताचा पहिला आकडा ४ असेल, तर त्याचा अर्थच मुळी कोरडी सामग्री वापरा, पाणी नको, असा असतो.

या ज्ञानाचा उगम शोधत गेले, तर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातील प्रयोगशाळेत येऊन पोहोचावे लागते. तेथे ऑक्टोबर १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही या अवघ्या २८ वर्षांच्या प्राध्यापकाने पाण्यावर पेटणारा धातू प्रथम पाहिला.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील पेन्झान्स या बंदरगावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. पाच भावंडांत हंफ्री थोरला. १७९४ मध्ये वडील वारले ते डोक्यावर कर्ज ठेवून. पुढच्या वर्षी आईने मुलाला गावातील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवले. तेथे औषधांच्या बाटल्यांशी खेळता खेळता त्याला रसायनांचे वेड लागले. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. लव्हाझिएचा ग्रंथ वाचून, हाताला मिळतील त्या भांड्यांनी प्रयोग करून तो शिकला.

वयाच्या विसाव्या वर्षी तो ब्रिस्टलजवळच्या एका संस्थेत दाखल झाला. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करण्याचा तेथे खटाटोप चाले. हसविणारा वायू म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या नायट्रस ऑक्साइडचे गुण डेव्हीने तेथे स्वतःवर अजमावले. त्या वायूने वेदना शमतात, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा, असेही त्याने १८०० मध्ये छापलेल्या ग्रंथात सुचविले. मात्र ते मनावर घ्यायला वैद्यांना चार दशके लागली. याच काळात त्याने नायट्रिक ऑक्साइड छातीत भरून घेण्याचा प्रयत्न केला. हवेशी आणि तोंडातल्या ओलाव्याशी गाठ पडताच त्या वायूचे आम्ल झाले, जीभ आणि टाळू पोळून निघाले. कोरड्या बाटलीत निरुपद्रवी दिसणारा वायू ओल्या जागी आम्ल होतो, हे त्याला आधी तोंडाने कळले. दुसऱ्या एका प्रयोगात कार्बन मोनॉक्साइडमिश्रित वायू हुंगून तो मरता मरता वाचला. धाडस म्हणावे की अविचार, याचा निवाडा त्याचे चरित्रकार आजही करीत असतात; त्यात अविचाराचा वाटा थोडा नव्हता.

१८०१ मध्ये तो लंडनला आला. त्याची व्याख्याने ऐकायला उमरावांच्या गाड्यांची रीघ लागे. व्होल्टाने विजेची बॅटरी जगापुढे मांडून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. विजेने पदार्थांचे घटक वेगळे करता येतील, हे डेव्हीने ओळखले. लाकडाच्या राखेतून निघणारा पोटॅश आणि दाहक सोडा हे पदार्थ कोणालाच फोडता आले नव्हते. पाण्यात विरघळवून वीज सोडली तर फुटे ते पाणीच. अखेर त्याने किंचित ओलसर पोटॅश प्लॅटिनमच्या पत्र्यावर ठेवून त्यातून जोरदार प्रवाह सोडला. पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब दिसू लागले. काही फट्कन फुटून पेटले. मदतीला असलेल्या चुलतभावाने नोंदवून ठेवले आहे की, डेव्ही आनंदाने खोलीभर नाचत सुटला. काही दिवसांतच सोडियमही हाती आले.

आता प्रश्न होता तो हे जिन्नस ठेवायचे कशात? पोटॅशियमचा तुकडा पाण्यावर टाकला की जांभळट ज्वाला घेऊन सैरावैरा धावे. बर्फावर ठेवला तरी पेटे आणि बर्फाला भोक पाडी. पाण्यातला हायड्रोजन मोकळा होऊन जळतो आणि मागे उरलेल्या पाण्यात कातडी सोलणारा दाहक पोटॅश राहतो, म्हणजे आग आणि दाह दोन्ही एकदम. उघड्या हवेत त्या धातूवर तत्काळ पुटे चढत. डेव्हीने एकामागून एक द्रव तपासले आणि ताजा ऊर्ध्वपातित नॅफ्था, म्हणजे खनिज तेलातला हलका भाग, निवडला. त्यात बुडवून ठेवल्यास धातू सुरक्षित राही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सोडियमचे तुकडे रॉकेलच्या बाटलीत ठेवतात, ती रीत तेथून आली.

नोव्हेंबर १८०७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हा शोध वाचून तो अंथरुणाला खिळला, तो कित्येक आठवडे. न्यूगेट तुरुंगाच्या शुद्धीकरणासाठी गेलो असता तेथला ताप बाधला, अशी त्याची समजूत होती. उठून बसल्यावर १८०८ मध्ये त्याने चुन्यातून कॅल्शियम काढले. बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियमही त्याच वर्षी मिळविले. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो कसा खदखदतो, हे आपल्याकडच्या गवंड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या चुन्याच्या पोटात एक धातू दडला आहे, हे मात्र डेव्हीने दाखविले. पृथ्वीच्या पोटातील अशा धातूंवर पाणी झिरपून ज्वालामुखी उसळत असावेत, असा तर्कही त्याने लढविला होता. पुढे व्हेसुव्हियस स्वतः पाहिल्यावर त्याचा या कल्पनेवरचा विश्वास डळमळला.

१८१० मध्ये त्याने आणखी एक गाठ सोडविली. ज्या हिरवट-पिवळ्या वायूला युरोपातील रसायनशास्त्रज्ञ ऑक्सिजनयुक्त आम्ल समजत होते, ते मूलद्रव्य आहे, असे सांगून त्याने त्याचे नाव क्लोरीन ठेवले. फॉस्फरस आणि क्लोरीन यांची पाणी लागताच आम्लाचा धूर सोडणारी संयुगेही त्याने तपासली. क्लोरीन रहाटणीकरांना अपरिचित नाही. १० ऑक्टोबर २०२३ रोजी जवळच्याच कासारवाडीतील महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती होऊन पोहायला आलेल्या अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. गळक्या सिलिंडरच्या छिद्रावर थेट पाणी मारू नये, असा नियम आहे. कारण पाण्याशी मिळून होणारे आम्ल पोलादाला खाते आणि छिद्र मोठे करते. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तर मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले हेच संकटाचे मूळ ठरले.

१८१२ मध्ये डेव्हीला ‘सर’ हा किताब मिळाला, श्रीमंत विधवेशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो आंधळा होता होता वाचला. नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे तेलकट द्रव्य शोधताना फ्रान्सच्या ड्युलाँगने एक डोळा आणि बोटे गमावली होती. हे कळूनही डेव्हीने ते करून पाहिले. नळी फुटली, काचेचा कण डोळ्यात गेला. लिहिता येईना म्हणून काही दिवसांसाठी लेखनिक ठेवला तो मायकेल फॅरडे नावाचा बुकबाइंडरचा उमेदवार. मार्च १८१३ मध्ये फॅरडे प्रयोगशाळेत कायम झाला आणि त्याच द्रव्याचे स्फोट पुन्हा सुरू झाले. एवढेच की, आता तोंडावर काचेचा मुखवटा चढला होता. एका स्फोटात फॅरडेच्या हाताला इजा झाली, उडालेल्या तुकड्याने मुखवट्याच्या काचेवर ओरखडा पडला, डोळा बचावला.

स्वतःच्या देहाबाबत इतका बेफिकीर असलेला हा माणूस दुसऱ्यांच्या जिवासाठी मात्र विलक्षण सावधपणे विचार करू शकला. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली. खाणींतील अपघात थांबविण्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या वतीने १८१५ मध्ये डेव्हीला साकडे घालण्यात आले. तो न्यूकॅसल भागात गेला, खाणमजुरांशी बोलला, स्फोटक वायू बाटल्यांत भरून लंडनला आणला. हा वायू कोणत्या प्रमाणात पेटतो, अरुंद नळीतून ज्योत का जात नाही, हे त्याने आधी तपासले. बारीक तारेची जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि बाहेरचा वायू पेटू देत नाही, हे कळल्यावर दिवा तयार झाला. जानेवारी १८१६ मध्ये तो खाणीत उतरला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही. जॉर्ज स्टीफन्सननेही स्वतंत्रपणे दिवा केला होता, त्यावरून मात्र त्याने कटू वाद घातला. त्या दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या धोकादायक थरांत मजूर उतरविले आणि मृत्यू अपेक्षेइतके घटले नाहीत, हेही येथे नोंदवायला हवे.

१८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. समुद्राच्या पाण्याने गंजणाऱ्या जहाजांच्या तांब्याच्या तळाला लोखंड किंवा जस्त जोडून त्याने ते वाचविले. पण निरोगी तांब्यावर शिंपल्यांनी घर केल्याने आरमाराने तो उपाय सोडला. पुरलेल्या पाइपलाइनी व टाक्या गंजू नयेत म्हणून आज तेच तत्त्व वापरतात. १८२३ मध्ये डेव्हीच्या सूचनेवरून फॅरडेने बंद नळीत क्लोरीनचा द्रव केला. श्रेय कोणाचे, यावरून गुरुशिष्यांत कटुता आली आणि फॅरडेच्या सोसायटीतील निवडीलाही डेव्हीने विरोध केला. फॅरडे तरीही निवडून आला.

१८२६ च्या अखेरीस डेव्हीला अर्धांगाचा झटका आला. उरलेली वर्षे त्याने युरोपात हवापालट करीत, गळ टाकून मासे पकडीत आणि लिहीत काढली. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याने देह ठेवला. तेथील प्लँपाले दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.