भगिनी निवेदिता : बागबाजारच्या बाई

भगिनी निवेदिता म्हटले की पांढरा झगा, गळ्यात रुद्राक्ष आणि विवेकानंदांची शिष्या, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. आम्हांला त्या आठवतात हाडाच्या शिक्षिका म्हणून.

आयर्लंडमधील डंगॅनन गावी २८ ऑक्टोबर १८६७ रोजी मार्गारेट नोबल यांचा जन्म झाला. धर्मोपदेशक वडील लवकर वारले आणि वयाच्या सतराव्या वर्षीच त्यांनी शाळेत नोकरी धरली. पुढे लंडनजवळ विंबल्डन येथे स्वतःची शाळा काढली. १८९५ साली विवेकानंदांची भेट झाली आणि जमलेला संसार सोडावा तशी ती शाळा सोडून जानेवारी १८९८ मध्ये त्या कलकत्त्यात उतरल्या.

परमुलखात पाय रोवणे काय असते, हे गाव सोडून आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांना सांगायला नको. बागबाजारात सोवळेओवळे कडक. त्याच वर्षी कालीपूजेला शारदादेवींच्या हस्ते मुलींची शाळा सुरू झाली खरी, पण मुली मिळवायला बाईंना दारोदार फिरावे लागले.

१८९९ च्या मार्चमध्ये प्लेगने पुन्हा डोके वर काढले. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्यांनी काय आगडोंब उसळला होता, ते आपण जाणतोच. बागबाजारात मात्र ही गोरी बाई हाती झाडू घेऊन गल्ली झाडू लागली. बघत उभे राहिलेले तरुण ओशाळले आणि कामाला लागले. एका ओल्या झोपडीत आई गेलेले एक प्लेगचे पोर होते. डॉ. राधागोविंद कर यांनी धोका समजावून सांगितला, तरी दुपारी ते पुन्हा गेले तेव्हा बाई त्या पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर वाचले नाही. शेवटी ते त्यांनाच आई समजून हाक मारत होते, असे सांगतात.

तरी शाळा पैशावाचून अडलीच. निधी जमवायला त्यांना इंग्लंड-अमेरिका गाठावी लागली. १९०२ साली परतल्यावर शाळा पुन्हा उघडली. पुढे भगिनी ख्रिस्तीन यांच्या मदतीने लग्न झालेल्या स्त्रिया व विधवांसाठीही वर्ग निघाले. जगदीशचंद्र बसूंच्या ग्रंथांचे संपादन, स्वतःचे लेखन, व्याख्याने, सारे चालूच होते. १९०६ मध्ये पूर्व बंगालच्या दुष्काळग्रस्त भागात पाण्याचिखलातून हिंडल्या आणि हिवतापाने खंगल्या.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेचाळीस. होते नव्हते ते मृत्युपत्रात मुलींच्या शिक्षणासाठी लिहून ठेवले होते. ती शाळा बागबाजारात आजही भरते.