बाबासाहेबांचा मधुमेह : तेव्हा काय कळत नव्हते, आज कोणत्या तीन चाचण्या सांगतात?

अमरावती : १३ नोव्हेंबर १९२७. येथील इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. प्रश्न होता अंबादेवी मंदिरातील प्रवेशाचा आणि अध्यक्षपदी होते ३६ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार तिथेच आली. तरी बाबासाहेबांनी परिषदेचे काम थांबवले नाही.

स्वतःच्या दुखण्याबाबतही त्यांचे पुढे असेच झाले.

घटना लिहिताना आजार सोबतीला
२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. त्या काळात मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांत असह्य कळा येत, रात्र रात्र झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार सुरू झाले. याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या आणि पथ्यपाण्याची, औषधांची जबाबदारी त्यांनी उचलली.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे दृष्टी अधू झाली आणि १९५४ मध्ये काही महिने अंथरुणावर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी ते काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधाराने मंचावर आले. ५ डिसेंबरच्या रात्री ते बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते. त्याच रात्री दिल्लीत झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय ६५.

तेव्हा तपासणी कशी व्हायची?
इन्सुलिन १९२२ पासून होते. रोजच्या देखरेखीसाठी मात्र लघवीचीच तपासणी होती. बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचे. निळा रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला की साखर जास्त. अडचण अशी, की रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्याखालची वाढ दिसतच नसे.

आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन गोळी मधुमेहावर पहिल्यांदा वापरल्याचे १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन बाजारात यायला १९८७ उजाडले.

साखरेचा धमनीशी काय संबंध?
सतत वाढलेली साखर धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. तिथून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरते. सूज येते, थर साचतो आणि वाट अरुंद होते. रक्तदाब किंवा तंबाखू सोबत असेल तर हे आणखी वेगाने घडते. हृदयाकडे, मेंदूकडे, पायाकडे जाणाऱ्या धमन्यांत हे वर्षानुवर्षे गुपचूप चालते. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा कधी कधी छातीत दुखतही नाही.

आज काय तपासाल?
- एचबीए१सी : मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. बहुतेक रुग्णांसाठी ७ च्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असते.
- लिपिड प्रोफाइल : यात एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड पाहा. साखर आटोक्यात असली तरी ही चाचणी टाळू नका.
- लघवीतील अल्ब्युमिन : हे प्रथिन वाढले तर मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा सुरू झाली असू शकते. हृदयविकाराचा धोका वाढल्याचीही ती खूण असते.

वऱ्हाडासाठी एक खास सूचना. मेळघाटासह विदर्भात सिकलसेल आढळतो. सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेवर भर द्यावा लागतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तीस वर्षांवरील व्यक्तींची साखर आणि रक्तदाबाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पायाला मुंग्या, चालताना पोटऱ्यांत गोळे, धूसर दिसणे याला वयाचे दुखणे समजून अंगावर काढू नका. बाबासाहेबांच्या काळात यातल्या बऱ्याच सोयी नव्हत्या. आज त्या गावाजवळ आल्या आहेत, तर एक सकाळ त्यासाठी काढा.