श्याम खरंच होता का?

आपल्या एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठच्या एका गावात होतं. सकाळी श्रमदान आणि दुपारी गावच्या शाळेत शिकवायचं. कुणी कोणता विषय घ्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि माझ्या वाट्याला सातवीचा इतिहास आला. मेकॅनिकलच्या पोराला इतिहास! रात्री बसून सनावळ्या पाठ केल्या. १९०५ ला वंगभंग, १९२० ला असहकार, १९३० ला मीठ, १९४२ ला चले जाव. दुसऱ्या दिवशी फळा भरून टाकला आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरची दोन पोरं चक्क झोपली. त्यांना काय बोलणार? थर्मोच्या लेक्चरला आपण वेगळं काय करतो?

तिसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात 'श्यामची आई' सापडलं. खरं सांगायचं तर माझं या पुस्तकाबद्दल मत फार चांगलं नव्हतं. रडकं पुस्तक, एवढंच लक्षात होतं. पण तास काढायचा होता, म्हणून त्यातली मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट सांगायला घेतली. अस्पृश्य म्हातारीची मोळी खाली पडलेली असते आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिची मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर.

वर्गात एकही पोरगं झोपलं नाही. गोष्ट संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने अहिराणीत विचारलं की मदत केल्यावर आंघोळ कशाला? आणि लगेच दुसरा प्रश्न, की हा श्याम खरंच होता का, आणि पुढे त्याचं काय झालं?

मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण ते प्रश्न डोक्यातून जाईनात. जळगावला परत आल्यावर लायब्ररीत बसलो. सबमिशनच्या दिवसांत जर्नल सोडून मी हे वाचतोय म्हणून रूम पार्टनरने वेड्यात काढलं.

श्याम होता. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव कोकणातलं पालगड. घराणं खोताचं, पण कर्जाने पोखरलेलं. आई यशोदाबाई १९१७ साली गेली, तेव्हा मुलगा शिकण्यासाठी घराबाहेर होता. औंध, पुणे अशी दारोदार भटकंती करत, अर्धपोटी राहून हा मुलगा एम.ए. झाला आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला. तिथे फार काळ रमला नाही. १९२४ साली अमळनेरच्याच शाळेत मास्तर झाला. तीच आजची प्रताप हायस्कूल. म्हणजे साने गुरुजी जन्माने कोकणातले, पण त्यांना गुरुजी केलं ते आपल्या खानदेशाने. (हे कोकणातल्या मित्रांना मुद्दाम ऐकवावं.)

शाळेबरोबर त्यांच्याकडे वसतिगृह आलं. इथे आपण हॉस्टेलवाल्यांनी जरा नीट बसून वाचावं. रेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हजेरीचं रजिस्टर आणि गेट बंद व्हायची वेळ येते. हा रेक्टर मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचा. पसारा आवरून ठेवायचा, कंदिलाच्या काचा पुसायचा. कुणी आजारी पडलं तर उशाशी रात्रभर बसायचा. बोलायचा काही नाही. चार-आठ दिवसांत पोरांनाच लाज वाटायची आणि ती स्वतः झाडू हातात घ्यायची.

आणि पहाटे उठून हा माणूस 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक लिहायचा. मासिक नाही, वार्षिक नाही, दैनिक! त्यात देशात काय चाललंय ते असायचं, थोरांची चरित्रं असायची, कविता असायच्या. लेखक, संपादक, लेखनिक सगळं एकटेच. आपल्या या वार्षिक अंकासाठी एक लेख मिळवताना संपादक मंडळाला किती खेटे घालावे लागतात ते मला माहीत आहे, म्हणून मला तर हे अचाटच वाटलं. त्या मुलांना चालू इतिहास रोज सकाळी गोष्टीसारखा वाचायला मिळत होता.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि खेडोपाडी प्रचार करत फिरले. अटक झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट तामिळनाडूत त्रिचनापल्ली. तिथे दक्षिणेतल्या भाषा बोलणारे कैदी भेटले आणि एकाच देशाची माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत हे त्यांना बोचलं. मग बसून ते तमिळ शिकले. पुढे आयुष्यभर आंतरभारतीचं स्वप्न त्यांनी बाळगलं, त्याचं मूळ तिथे आहे.

१९३२ ला पुन्हा धुळे तुरुंग. या वेळी तिथे विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगितला. अठरा रविवार, अठरा अध्याय. ना टेप, ना रेकॉर्डर. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत होते. त्या वह्यांमधून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि पुढे कितीतरी भाषांत गेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ज्याच्या नोट्सची झेरॉक्स मारतो, त्या मुलाची किंमत मला हे वाचल्यावर कळली.

मग नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेला हातावेगळी केली. पाच दिवस! दिवसा तुरुंगाचं काम, उरलेल्या वेळात लेखन. १९३५ ला पुस्तक छापून आलं. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णकमळ मिळालं. पण ते बघायला गुरुजी नव्हते.

आता मी ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं ते इतिहासाचं पुस्तक म्हणून. आश्रमात रात्री प्रार्थना झाली की श्याम मित्रांना गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. ही मांडणी कादंबरीची आहे, पण आतलं आयुष्य खरं आहे. १९०० ते १९१७ या काळात सावकार दारात येऊन काय बोलायचा, घर जप्त होतं म्हणजे नेमकं काय होतं, औषधाला पैसे नसताना बाई कशी मरते, हे त्यात आहे. माझ्या फळ्यावरच्या एकाही सनात ते नव्हतं. रडकं आहे हे मी अजूनही म्हणतो. पण रडण्यासारखंच होतं, त्याला ते काय करणार?

आंघोळही त्यात आहे. गुरुजींना ती गाळता आली असती. पाच दिवसांत लिहिताना आईला आणखी थोर करून टाकणं काय अवघड होतं? त्यांनी तसं केलं नाही. आई जेवढी त्या काळाच्या पुढे गेली तेवढीच दाखवली आणि जिथे थांबली तिथे थांबलेलीही दाखवली.

'धडपडणारी मुले' ही कादंबरी तर आपल्याच भागातली, वसतिगृहातल्या पोरांची आणि चळवळीची. ती कुणी वाचत नाही. लायब्ररीतल्या प्रतीवर माझ्या आधीचा शिक्का खूप जुना होता. ती जरा लांबते हेही खरं, पण १९३० च्या आसपासचा खानदेश बघायचा असेल तर अवश्य घ्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, त्यासाठी ते गावोगाव हिंडले. १९३८ ला अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं. १९४२ ला भूमिगत झाले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले, ती शाळकरी मुलंच होती.

आणि १९४७. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले आणि मे महिन्यात उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींनी थांबायला सांगितलं, तरी ते थांबले नाहीत. मंदिर खुलं करायचं ठरलं तेव्हाच उपोषण सुटलं. इथे मला त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आई जिथे थांबली तिथून मुलगा तीस वर्षांनी पुढे चालत गेला होता.

मार्चमध्ये एस.टी.ने मी पुन्हा त्या शाळेत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. तास मागून घेतला आणि हे सगळं सांगितलं. पंढरपूरला पोरं टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात त्याच मुलीने विचारलं की मग ते म्हातारे होऊन वारले का?

वर्गाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा थातूरमातूर सांगता आलं असतं. पण आंघोळ न गाळणाऱ्या माणसाबद्दल बोलत होतो. मी सांगितलं की गांधीजींचा खून झाल्यावर ते फार खचले, एकवीस दिवस उपाशी राहिले, मग १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, भरपूर कामही केलं, पण आतली उदासी गेली नाही आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. वय पन्नास.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या, तेव्हा झोपलेल्या त्या पोराने विचारलं, की आजारी मुलांच्या उशाशी ते बसायचे, तर त्यांच्याजवळ त्या रात्री कुणी बसलं नव्हतं का?

मला उत्तर आलं नाही. बाईंनी मुलांना खिचडीसाठी सोडलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, त्या नगरीला साने गुरुजींचं नाव दिलं होतं. परतीची एस.टी. अमळनेर स्टँडवर थांबली तेव्हा मला ते आठवलं. जळगावला पोचायला उशीर झाला, मेस बंद झाली होती. आमच्या मजल्यावरचा एकजण तीन विषय राहिल्यापासून खोलीबाहेर फारसा पडत नव्हता. त्याच्या दारावर थाप मारली. आधी उघडेना. मग उघडलं. त्यालाही भूक लागली होती. आम्ही दोघं स्टँडसमोरच्या गाडीवर पोहे खायला गेलो.