मृगातील हिरवी रेषा

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी कुर्डुवाडीला पोचण्यापूर्वी जेऊर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. माढ्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील हे गाव. एरवी त्याची दखल घेण्याचे प्रवाशाला काही कारण नाही. परंतु १८९८च्या जानेवारीत हे स्थानक जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना पाठ झाले होते. त्या महिन्याच्या २२ तारखेला खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून शिरून ईशान्येकडे सरकणार होती आणि जेऊर तिच्या वाटेच्या जवळजवळ मध्यावर येत होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन येथे आले, जपानी मंडळी आली. या पाहुण्यांच्या बरोबरीने येथे तळ ठोकणारे एक पथक पुण्याचे होते. त्याचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला.

दिवस बरे नव्हते. सोलापूर जिल्हा नुकताच दुष्काळातून उठत होता, मुंबई-पुण्याकडे प्लेगचे थैमान चालू होते. शास्त्रज्ञांना भीती होती ती ढगांची. पण आकाश निरभ्र राहिले. दुपारी सुमारे दोन मिनिटे सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले आणि तेवढ्यात जे टिपायचे ते टिपून घेण्यात आले. नायगामवालांचा भर होता तो सूर्याच्या कडेवरील वर्णगोलाच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्याची छायाचित्रे घेण्यावर. जेऊरच्या वेधांचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत प्रसिद्ध झाला.

ग्रहणामुळे नायगामवालांचे नाव झाले खरे, परंतु त्यांचे सर्वांत मोलाचे काम त्याआधीच होऊन गेले होते. ते सूर्याविषयी नव्हते; मृग नक्षत्रातील एका तेजोमेघाविषयी होते.

कावसजींचा जन्म १८५७चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिक व रसायन हे विषय घेऊन ते १८७८ साली एम.ए. झाले आणि १८८२मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकीचे अध्यापक म्हणून लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला भेट दिली तेव्हा वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. एवढ्या रकमेत एक बेताची प्रयोगशाळा उभी राहिली असती. परंतु १८८४ साली नायगामवाला इंग्लंडला गेले, तेथे राजज्योतिषी आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची चर्चा झाली आणि प्रयोगशाळेची वेधशाळा करण्याचे ठरले. जागा मुंबईऐवजी पुण्याची निवडली गेली. आज जेथे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे त्या तेव्हाच्या सायन्स कॉलेजच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिच्यातील वीस इंची परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांची होती आणि आरसा ए. ए. कॉमन यांचा. देशात त्या वेळी एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. हे कॉमन म्हणजे १८८३ साली मृगातील तेजोमेघाचे अप्रतिम छायाचित्र घेऊन गाजलेले तेच गृहस्थ. त्यांचा आरसा पुण्यात आल्यावर पुन्हा त्याच तेजोमेघाकडे वळावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मृगाच्या शराखाली जो धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो, तोच हा तेजोमेघ. असे ठिपके म्हणजे दूरवरच्या ताऱ्यांची दाटी की खरोखरचा वायू, हा वाद १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी निकालात काढला. त्यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश त्रिकोणी काचेतून पाहिला, तेव्हा ताऱ्याप्रमाणे सप्तरंगी पट्टा न दिसता मोजक्या चमकत्या रेषाच दिसल्या. अशा रेषा तप्त, विरळ वायूच देतो. त्यांतली सर्वांत ठळक रेषा हिरव्या रंगाची होती, आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना.

लॉकियर यांनी तिचे उत्तर दिले होते. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेषा म्हणजे जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड. साऱ्या विश्वाची उपपत्ती त्यांनी या पायावर रचली होती. हगिन्स यांना ती मान्य नव्हती आणि दोघांतला वाद कडवट झाला होता. निकाल लावण्याची कसोटी मात्र साधी होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूस धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूस झालरीसारखा विरत जातो. तेव्हा तेजोमेघाच्या रेषेला अशी झालर आहे की ती दोन्हीकडून सारखीच रेखीव आहे, एवढेच पाहायचे होते.

पुण्याच्या वेधशाळेत नायगामवालांनी तेच पाहिले. वेगवेगळ्या परिस्थितींत, उपकरणाची फट कमीजास्त करून पाहिली, तरी रेषा रेखीवच राहिली. झालर कोठेही नव्हती. हा निष्कर्ष त्यांनी १८९१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केला. लिक वेधशाळेत कीलर यांची मापनेही लॉकियर यांच्या विरुद्धच जात होती. ज्यांच्या सल्ल्याने आपली वेधशाळा आकाराला आली त्यांच्याच लाडक्या सिद्धांताविरुद्ध लिहायचे, तेही परतंत्र देशातील तिशीतल्या प्राध्यापकाने, यातले धाडस आज सहज लक्षात येत नाही. नायगामवालांनी त्याचा गाजावाजा केला नाही. जे दिसले ते त्यांनी मांडले.

या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १८९३ साली, त्याच पुण्यातील लोकमान्य टिळकांचा मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच नगरात एकाच नक्षत्राकडे दोन विद्वान पाहत होते, एक गतकाळाचा माग काढण्यासाठी आणि दुसरा वायूचा. पहिल्याचे स्मरण महाराष्ट्राला आहे.

लॉकियर स्वतः १८९८च्या ग्रहणासाठी विजयदुर्गावर आले होते. तेथील ‘साहेबाचे कट्टे’ पर्यटकांना दाखवताना हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगण्याची रीत पडली आहे. ती चुकीची आहे; हेलियमची पिवळी रेषा १८६८ सालची, आणि लॉकियर यांनी ती पाहिली ती इंग्लंडमधून. विजयदुर्गाला जे भलते श्रेय मिळते त्याच्या शतांशाने तरी खरे श्रेय जेऊरच्या वाट्याला यायला हरकत नव्हती.

तख्तसिंहजी वेधशाळा म्हणजे एकट्या नायगामवालांचा संसार होता. त्यांच्या जागी उभा राहील असा वारस तयार झाला नाही, आणि सरकारलाही त्याची निकड वाटली नाही. १८९९ साली कोदाईकनाल येथे सरकारी सौर वेधशाळा सुरू झाली होती. १९१२ साली नायगामवाला निवृत्त होताच पुण्याची वेधशाळा बंद करून तिची उपकरणे तिकडे धाडण्यात आली. ती मोठी दुर्बीण तेथे भावनगरची दुर्बीण म्हणूनच ओळखली जात राहिली. मुंबई इलाख्यातील खगोलभौतिकीचे दार त्या वर्षी मिटले, आणि ते पुन्हा उघडायला फार काळ जावा लागला.

हिरव्या रेषेचे कोडे सुटले ते १९२७ साली. अमेरिकेचे आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती कोण्या नव्या मूलद्रव्याची नव्हे आणि मॅग्नेशियमची तर नव्हेच. ती आपल्या ओळखीच्या प्राणवायूचीच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा प्राणवायू इतक्या विरळ अवस्थेत असावा लागतो की तशी विरळता तेव्हाच्या प्रयोगशाळांत साधत नव्हती. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हल्ली हौशी आकाशछायाचित्रकार कॅमेऱ्यापुढे जी अरुंद पट्ट्याची गाळणी बसवतात, त्यांतली एक नेमकी याच रेषेसाठी घडवलेली असते. तीनपासून सात नॅनोमीटर रुंदीचा प्रकाश तेवढा ती आत सोडते आणि शहराच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच अडवते. दुसरी हायड्रोजनच्या तांबड्या रेषेची, तिसरी गंधकाची. तिन्हींतून मिनिट मिनिटभराची पुष्कळ चित्रे घेऊन एकमेकांवर रचली की घराच्या गच्चीवरूनही मृगातील मेघ त्याच्या सर्व पदरांसह उमटतो. माढ्या-करमाळ्याच्या शिवारातील अंधाऱ्या रात्री पुणेकराच्या वाट्याला येत नाहीत. त्यांची उणीव ही गाळणी बऱ्याच अंशी भरून काढते.

बोवेन यांचा उलगडा झाला तेव्हा नायगामवाला सत्तरीचे होते आणि वेधशाळा बंद होऊन पंधरा वर्षे लोटली होती. १९३८ साली त्यांचे निधन झाले.