डॉ. आनंदीबाई जोशी : कोल्हापुरास न लाभलेल्या स्त्री-डॉक्टर

महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांचे, धर्मगुरूंचे व उपकारकर्त्यांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु ज्यांचा आपल्या कोल्हापूर नगरीशी संबंध आला, आणि जी आपल्या धर्माची नव्हती, अशाही कित्येक व्यक्तींच्या चरित्रांतून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ असते. अशांपैकी एका तरुण स्त्रीचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. आपण जिला आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ह्या नावाने ओळखतो, ती संस्था पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल ह्या नावाने प्रसिद्ध होती. तेथील स्त्रियांच्या विभागाचे काम पाहण्याकरिता इ. स. 1886 मध्ये कोल्हापूर दरबाराने ज्यांची नेमणूक केली, त्या डॉ. आनंदीबाई जोशी होत. ते काम त्यांच्या हातून एक दिवसही घडले नाही. तरीही त्यांची आठवण का करावी, हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी ह्या बिजवराशी झाला. गोपाळराव वयाने वीसएक वर्षांनी मोठे असून पोस्टखात्यात नोकरीस होते. बायकोस शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास होता, आणि तो ध्यास पुष्कळदा कठोरपणाच्या मर्यादेपर्यंत जात असे, हेही येथे लपवून ठेवणे उचित नाही. अभ्यासात कुचराई झाली तर मुलीने मार खावा, असा तो संसार होता. आरंभी विद्या ही पतीची इच्छा होती. पुढे ती पत्नीची स्वतःची झाली.

ही इच्छा नेमकी कोणत्या दिशेस वळली, याचे कारण फार दुःखाचे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला, आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य उपचार वेळेवर मिळाले असते, तर बाळ कदाचित वाचते, ही खंत त्या मातेच्या मनातून कधी गेली नाही. त्या काळी आपल्याकडील कुलीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास आपले शरीर दाखविण्यापेक्षा मरण पत्करीत, आणि स्त्री-डॉक्टर तर फार विरळा होती. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली, आणि तिच्या उशाशी केवळ परंपरेने शिकलेली सुईण, अशी स्थिती होती. आपल्या भगिनींचे हे दुःख दूर करावयाचे, तर स्त्रीनेच वैद्यक शिकले पाहिजे, हे आनंदीबाईंनी ओळखिले.

गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असता, इ. स. 1878 मध्ये, त्यांनी येथूनच अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार आरंभिला. पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी साह्य मागितले. ते पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे गेले. ह्या गृहस्थांनी 1852 मध्ये कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशन स्थापिले होते, व त्या सुमारास ते अमेरिकेत राहून एक मासिक चालवीत असत. त्यांनी पत्र छापिले खरे. परंतु उत्तर असे दिले की, जोशी दांपत्याने प्रथम ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करावा. आनंदीबाई व गोपाळराव यांस ही अट मान्य झाली नाही. तथापि तेच मासिक न्यू जर्सी प्रांतातील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाईंच्या हाती एका दंतवैद्याच्या दिवाणखान्यात पडले. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंस पत्र लिहिले, आणि न पाहिलेल्या ह्या मुलीस आपल्या घरी आश्रय देऊ केला. वाचकहो, एकाच छापील पानावरून दोन ख्रिस्ती माणसांनी दोन निरनिराळे मार्ग धरिले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इकडे स्वजनांचा विरोध वेगळाच होता. हातात पुस्तके घेऊन रस्त्याने जाणाऱ्या ह्या मुलीची टवाळी झाली नाही असे गाव विरळा. समुद्र ओलांडला तर जात जाणार, ही भीती तर सर्वांस होती. पुढे गोपाळरावांची बदली बंगाल्यात झाली. तेथे 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान दिले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते. अमेरिकेस का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय कराल, असे जे प्रश्न लोक त्यांस पुनःपुन्हा विचारीत, ते त्यांनी एकेक घेऊन त्यांची उत्तरे दिली. ह्या देशास स्त्री-डॉक्टरांची निकड किती आहे, हे त्यांनी स्पष्ट केले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सर्वांसमक्ष सांगितले.

त्याच वर्षी एप्रिलात त्यांनी कलकत्त्याहून प्रयाण केले. पती बरोबर नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, आणि शरद ऋतूत फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज 1850 मध्ये केवळ स्त्रियांकरिता स्थापन झाले होते. परदेशातही त्यांनी लुगडे सोडिले नाही व आपला शाकाहारही सोडिला नाही. थंडी, अपुरे अन्न व अभ्यासाचे श्रम यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली, आणि क्षयाने त्यांस गाठिले. तरी 11 मार्च 1886 रोजी त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. वैद्यकाची एवढी विस्तृत क्षेत्रे समोर असता, ज्या अंधाऱ्या खोलीत आपले बाळ गमावले, तिच्याकडेच त्या परत वळल्या. एका मतास खूष करण्याकरिता धर्म बदलला नाही, आणि दुसऱ्या मतास खूष करण्याकरिता विद्या सोडली नाही.

कोल्हापूर दरबाराने त्यांस जागा देऊ केली, ती त्या अमेरिकेत असतानाच. ज्या नगरीतून आठ वर्षांपूर्वी साह्याची याचना गेली होती, त्याच नगरीने आता सन्मानाने बोलाविणे पाठविले. 1886 च्या ऑक्टोबरात पतिपत्नी न्यूयॉर्कहून निघाली व नोव्हेंबरात मुंबईस उतरली. परंतु आनंदीबाईंचे शरीर तोवर झिजून गेले होते. कोल्हापुरास येऊन कामावर रुजू होण्याचा योग आलाच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेविली आहे. दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला, असेच म्हणावे लागते.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हिंदू समाजाने त्या मुलीस छळिले, प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने अट घातली, असे म्हणून आपण हात झटकणे न्यायाचे होणार नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही व्रतस्थ धर्मभगिनींनी वैद्यकी करू नये, आणि विशेषतः बाळंतपणाचे काम करू नये, असा दंडक दीर्घकाळ होता. डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन ह्या स्कॉटिश बाईंनी हिंदुस्थानातील पडद्यातल्या स्त्रियांची दशा पाहून 1909 मध्ये रावळपिंडी येथे स्त्रियांकरिता रुग्णालय उभारिले, आणि धर्मभगिनींस डॉक्टर होण्याची परवानगी मिळावी म्हणून रोमला पुनःपुन्हा विनवणी केली. 1913 मध्ये त्या वारल्या. परवानगी त्यांच्या हयातीत मिळाली नाही. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगेल यांनी रावळपिंडीस काम केले व 1925 मध्ये वॉशिंग्टन येथे वैद्यकसेवेस वाहिलेल्या भगिनींचा संघ स्थापिला. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले, आणि धर्मभगिनींस प्रसूतिसेवेची वाट मोकळी झाली. म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर एकूणपन्नास वर्षांनी आपल्या सभेने तीच गोष्ट मान्य केली, जी त्या मुलीने आपल्या बाळाच्या मृत्यूने शिकून घेतली होती.

आनंदीबाईंची कोल्हापुरातील जागा कायमची ओस पडली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी ह्याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. आज त्या वास्तूत शेकडो स्त्रिया निर्भयपणे येतात-जातात; त्यांतील किती जणींस आनंदीबाईंचे नाव ठाऊक असेल, हे सांगवत नाही.

आपल्या धर्मग्रामातही मुले-मुली शिकून मोठी होत आहेत. कोणी एखादा असा मार्ग निवडील, जो आपणांस कमी प्रतिष्ठेचा, किंवा आपल्या लोकांस न शोभणारा वाटेल. अशा वेळी चार माणसे काय म्हणतील, हे आधी विचारू नये. कोणाचे दुःख ह्या निवडीने हलके होणार आहे, हे आधी विचारावे. कार्पेंटरबाईंनी तेवढेच विचारिले. महोत्सवाच्या आनंदात आपणही आपल्या घरी तेवढाच प्रश्न विचारण्याचा निश्चय करू या, आणि ज्यांना आपल्या शब्दाने कधी मागे खेचले असेल, त्यांच्यासाठी परमेश्वराजवळ क्षमा मागू या.