डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रणभूमीवरील शल्यवैद्य

वाडी जंक्शनमार्गे मुंबईकडे निघालेल्या हैदराबादकराला महाराष्ट्रातील पहिले मोठे शहर लागते ते सोलापूर. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले.

जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्य मागितले आणि १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस असे पाच जणांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून रवाना झाले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना पित्याच्या निधनाची वार्ता कळली. तरीही हाती घेतलेले कार्य सोडून ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

रणांगणावरील रुग्णपथकाची रचना साखळीसारखी असते. जखमीला प्रथम डोलीवाले उचलतात. आघाडीजवळच्या केंद्रात रक्तस्राव थांबवून जखम बांधली जाते. पुढे शस्त्रक्रिया आणि अखेरीस पिछाडीचे रुग्णालय. या साखळीत विलंब झाला की जखम सडते व प्राण जातो. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात ना मोटारी होत्या ना पक्के रस्ते. म्हणून कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांवर लादून जखमींजवळ नेण्याची पद्धत बसविली. डोल्या वाहण्याचे काम शेतकरी करीत व जखमींना गावकऱ्यांच्या घरी आसरा मिळे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून निवर्तले.

हीच परंपरा कोटणीसांनी पुढे चालविली. १९४० च्या लढायांत एकदा त्यांनी सलग ७२ तास विश्रांतीविना शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. १९४१ च्या आरंभी बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. चिनी भाषा आत्मसात करून तिच्यातच ते विद्यार्थ्यांना शिकवीत; त्यांच्यासाठी शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. रणभूमीवर एका कुशल शल्यवैद्यापेक्षा त्याने घडविलेले दहा साहाय्यक अधिक जखमींना वाचवितात, हे त्यांनी ओळखले होते. परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव यिन्हुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

सहकारी एकेक करून मायदेशी परतत असताना कोटणीस मात्र आघाडीच्या मुलखात राहिले. अतिश्रमाने शरीर खचले होते. त्यात अपस्माराचे झटके येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले.

अंबरपेठेतील मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या परभाषेच्या शेजारात नांदत आला आहे. त्या शेजाराची भाषा शिकावी, तिच्यातून आपली विद्या द्यावी आणि तरीही मुलाच्या नावात मायदेश जपावा, हा कोटणीसांच्या अल्प आयुष्याचा बोध ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी आपणा सर्वांना मोलाचा वाटेल.